महाविद्यालयातील अभ्यासकेंद्र : एक अनुभव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या व्यासपीठावर आम्हाला बोलण्याची संधी दिल्याबद्दल प्रथम कार्यकारिणीचे मनःपूर्वक आभार. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत फायली चाळता चाळता पन्नाशी ओलांडलेले, कला शाखेचे एक साधे पदवीधर आहोत. तथापि मंडळातील काही मित्रांच्या सोबतीने, जवळच्या एका महाविद्यालयात चालणाऱ्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राशी गेली काही वर्षे आमचा निकटचा संबंध आला. त्या अनुभवाविषयी चार शब्द सांगावेत, अशी कार्यवाहांची इच्छा होती. ती आज पुरी करीत आहोत.

मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केला, नाटके केली, ग्रंथालय चालविले, कोजागिरी आणि हळदीकुंकू कधी चुकविले नाही. ह्याचा आपणा सर्वांना यथार्थ अभिमान आहे. परंतु ह्या सभागृहात कोण येते आणि कोण येत नाही, ह्याचाही विचार अशा प्रसंगी व्हावा. बेंगळूरची मराठी वस्ती एकजिनसी नाही. हिंदुस्थान एअरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, आयटीआय, एचएमटी अशा कारखान्यांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे आहेत. अलीकडे संगणकक्षेत्रात आलेली तरुण पिढी आहे. आणि तिसराही एक वर्ग आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ ह्या दुष्काळी टापूतून सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेली आपली गलाई मंडळी! चिकपेठ, नगरथपेठ ह्या भागांतील अरुंद गल्ल्यांतून, जिन्याखालच्या खोल्यांतून ती भट्टीपुढे बसलेली असतात. त्यांतील कितीतरी मुले शाळा अर्धवट टाकून मामाच्या किंवा चुलत्याच्या हाताखाली येथे आलेली. मंडळाच्या वर्गणीच्या वहीत त्यांची नावे गणपतीपुरती असतात. एरव्ही आपली त्यांची गाठ पडत नाही.

शिक्षण अर्धवट राहिलेल्यांत केवळ हीच मुले आहेत असे मात्र नव्हे. लग्न होऊन इकडे आलेल्या आणि पदवीचे पहिले वर्ष सासरच्या सामानाबरोबर बांधून ठेवलेल्या आपल्या किती भगिनी आहेत! आमच्या कचेरीतही हेच चित्र दिसते. लिपिकाच्या जागेला बारावी लागते आणि त्याच्या वरच्या परीक्षांना पदवी. हुशार, चोख काम करणारा माणूस एका कागदाअभावी वीस वर्षे त्याच खुर्चीवर बसलेला आम्ही पाहिला आहे. त्याच्यापाठीमागून आलेला, कामात त्याच्याहून उणा असलेला पदवीधर त्याचा साहेब होतो. हा अन्याय आहे की नियम, हा वाद बाजूस ठेवू. त्या माणसाच्या मनाला होणाऱ्या वेदना तरी खऱ्याच असतात.

काम करणाऱ्या माणसाला शिकविण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई ह्यांनी १८५५ साली शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू करून ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयाच्या दारापर्यंत आणले. ह्याच प्रवाहाला पुढे मुक्त विद्यापीठांचे पाणी मिळाले. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले आणि आपल्या म्हैसूर विद्यापीठाने १९६९ मध्ये. १९६९ मध्येच इंग्लंडात ओपन युनिव्हर्सिटीची स्थापना झाली. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादेत निघाले. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी हेच १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९८७ मध्ये ह्या विद्यापीठाने अवघ्या दोन शिक्षणक्रमांनी आणि ४,५२८ विद्यार्थ्यांनिशी प्रारंभ केला. त्याचा पुढील विस्तार आपण जाणताच. १९८९ च्या जुलैत नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. कर्नाटकाचे राज्य मुक्त विद्यापीठ म्हैसूर येथे १९९६ मध्ये स्थापन झाले.

आता कोणी म्हणेल, घरी पुस्तके येतात, घरी बसून अभ्यास करावयाचा, तर मग केंद्र हवे कशाला? आणि तेही महाविद्यालयातच का? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे आमच्या अनुभवाचा गाभा आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. प्रवेश घेतला की पुस्तकांचे पार्सल येते. पहिल्या दिवशी घरात त्याची पूजा होते. नंतर ते पार्सल कपाटावर जाते. दहा वर्षे पुस्तक न उघडलेल्या माणसाला एकट्याने अभ्यासाला बसणे किती कठीण, हे नियमित शिकलेल्यांना कळणे अवघड आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात एक श्रेयांक म्हणजे सुमारे तीस तासांचा अभ्यास, म्हणजे चार श्रेयांकांच्या एका विषयाला एकशेवीस तास. हे तास भट्टीतून, कचेरीतून, स्वयंपाकघरातून काढावयाचे असतात. अशा वेळी आठवड्यातून एकदा कोणीतरी “काय, कुठवर आले?” असे विचारणारे असावे लागते. अभ्यासकेंद्र हे विचारणारे ठिकाण आहे.

तेथे बोलावलेल्या शिक्षकाला नाशिकच्या विद्यापीठाने ‘संमंत्रक’ असे नाव योजिले आहे आणि ते फार समर्पक आहे. तो व्याख्याता नव्हे. पुस्तकाने शिकवावयाचे आणि अडलेल्या ठिकाणी संमंत्रकाने हात द्यावयाचा, अशी ही विभागणी. विद्यार्थी पुस्तक न वाचता येतो, संमंत्रक सवयीने फळ्यापुढे उभा राहून तासभर व्याख्यान देतो, आणि दोघेही समाधानाने घरी जातात, असे प्रारंभी बरेचदा घडे. पुढे केंद्रसंयोजकांनी रीत बदलली. प्रत्येकाने येताना निदान एक शंका कागदावर लिहून आणावयाची आणि सत्राचा आरंभ त्या कागदांपासून व्हावयाचा. ज्याच्याजवळ शंका नाही त्याने पुस्तक उघडलेले नाही, हे सर्वांना आपोआप कळू लागले.

दुसरा प्रश्न जागेचा. आमच्या मंडळींच्या मनात पहिल्याने आले ते असे, की मंडळाची वास्तू रविवारी सकाळी मोकळीच असते, तेथेच केंद्र काढावे. परंतु चौकशीअंती कळले की तसे करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१७ च्या आणि पुढे २०२० च्या नियमांप्रमाणे असे केंद्र मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेतच असावे लागते. ते मक्त्याने कोणाला चालवावयास देता येत नाही. नियम कडक वाटला तरी योग्य आहे. पदव्यांची दुकाने कशी निघतात हे ह्या देशाने पाहिले आहे. शिवाय महाविद्यालयात वर्ग असतात, ग्रंथालय असते, प्रयोगशाळा असते, परीक्षेला लागणारी बाके असतात, आणि ही सारी संपत्ती रविवारी कुलपात असते. ती उघडावयाची एवढेच. आणखीही एक गोष्ट आहे. ज्याला महाविद्यालयाची पायरी कधी चढावयास मिळाली नाही, त्याच्या दृष्टीने त्या फाटकातून विद्यार्थी म्हणून आत जाणे ह्यालाच मोल असते.

महाविद्यालय हे केवळ पटावरच्या विद्यार्थ्यांचे नसून सर्व गावाचे असू शकते, ह्याचे उत्तम उदाहरण ह्याच शहरात आहे. बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजात डॉ. एच. नरसिंहय्या ह्यांनी १९६२ साली बेंगलोर सायन्स फोरमची स्थापना केली. बुधवारी संध्याकाळी विज्ञानावर व्याख्यान आणि जुलै महिन्यात व्याख्यानांचा महोत्सव, असा त्याचा प्रघात. ज्याला ऐकावयाचे आहे त्याने यावे. नरसिंहय्या पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेले, पुढे बेंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले. तरीही ते आयुष्यभर वसतिगृहाच्या एका साध्या खोलीत राहिले. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला, त्यातील काही काळ आपल्या पुण्याच्या येरवड्यात. २००५ साली ते निवर्तले. अभ्यासकेंद्र आणि हा फोरम ह्यांचे स्वरूप भिन्न आहे हे खरे. परंतु बाहेरच्या माणसाला आत घेण्याची वृत्ती दोहोंत एकच आहे, आणि ती एका माणसाच्या चिकाटीने संस्थेच्या अंगी मुरते, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आमच्या जवळच्या महाविद्यालयाचे प्राचार्य असेच उदार वृत्तीचे निघाले. केंद्र विद्यापीठाचे, जागा महाविद्यालयाची, संयोजक तेथीलच एक प्राध्यापक. मग आमच्याकडे काय राहिले? जे कोणाच्याच नियमात लिहिलेले नसते ते सर्व! एका खोलीत कपाट, टेबल आणि सूचनाफलक मिळाला. प्रवेशाच्या दिवसांत अर्ज भरून देणे, प्रमाणपत्रांच्या प्रती नीट लावून देणे, तारखा फलकावर ठळक अक्षरांत लिहिणे, जो दोन रविवार दिसला नाही त्याला दूरध्वनी करणे. सरकारी नोकरीत आम्ही जे शिकलो, म्हणजे कागद वेळेवर आणि पुरा असावा, ते येथे प्रथमच कोणाच्या तरी थेट उपयोगी पडताना पाहिले. एक दाखला कमी म्हणून अर्ज परत आला तर कचेरीत एक जावक क्रमांक वाढतो. येथे एका मुलाचे वर्ष जाते.

भगिनींची अडचण वेगळी होती. रविवार हा घरातील सर्वांच्या सुटीचा, म्हणजे त्यांच्या कामाचा दिवस. लहान मूल कोठे ठेवावयाचे हा पहिला प्रश्न. त्यावर मंडळातील ज्येष्ठ महिलांनीच तोड काढली. सत्र चालू असेपर्यंत महाविद्यालयाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून त्या मुलांना सांभाळू लागल्या. एका सासूबाईंनी प्रथम पुष्कळ विरोध केला होता. “आता शिकून काय करणार ही?” असे त्या म्हणत. पुढे त्याच सतरंजीवर नातवाला घेऊन बसू लागल्या आणि सूनबाईंच्या परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाक त्यांनी आपणहून अंगावर घेतला.

आता गलाईच्या दुकानातील एका मुलाविषयी सांगतो. नाव सांगत नाही. त्याचे आजचे जीवन त्याचे त्याला असू द्यावे. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून दहावी झाल्यावर तो येथे आला. ज्यांची बारावी झालेली नाही अशा प्रौढांसाठी तेव्हा विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम असे. त्यातून पार होऊन त्याने वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला. आम्लाने पिवळी पडलेली बोटे टेबलाखाली लपवून तो शेवटच्या बाकावर बसे. अभ्यासात बरा होता. अडचण आली ती डिसेंबरच्या परीक्षेत. तुळशीचे लग्न आटोपले की लग्नसराई सुरू होते आणि गलाईच्या दुकानांना श्वास घ्यावयास फुरसत नसते. सत्रांत परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. एका रविवारी तो येऊन म्हणाला, “काका, मामा म्हनत्यात, परीक्षा द्यायची तर द्या, पर परत दुकानात येऊ नका. म्या पुस्तकं परत करू का?”

आम्ही तिघे त्याच्या मामांना भेटावयास गेलो. मामांनी भट्टीजवळच पाट टाकून बसविले, चहा मागविला आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, मी सातवी. माझ्या हाताखाली सहा पोरं. एकाला सोडलं तर उद्या सगळी मागतील. सोन्याचा धंदा हाय, गिऱ्हाईक थांबत न्हाई.” त्यांचे म्हणणे चूक होते असे आम्हाला वाटत नाही. परगावी येऊन, रात्रंदिवस धुरात बसून ज्याने सहा घरे पोसली, त्याला शिक्षणाचे महत्त्व ऐकविण्याचा अधिकार आम्हा पेन्शनवाल्यांना नव्हताच. म्हणून आम्ही शिक्षणाचे नाव न काढता तारखांचा कागद पुढे ठेवला. परीक्षा एकदम सर्व विषयांची द्यावी असे बंधन नसते. डिसेंबरात दोनच विषय, उरलेले जूनमध्ये, आणि परीक्षेच्या दिवशीही दुपारनंतर मुलगा दुकानात. मामांनी कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “दोन दिवस व्हय? मग आधी तसं सांगायचं की!”

तीन वर्षांची पदवी त्या मुलाला पाच वर्षांनी मिळाली. आज तो स्वतंत्र दुकान चालवितो आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे स्वतः भरतो. मामांचीही भरतो. परंतु त्याच्याच बरोबर प्रवेश घेतलेला त्याचा एक सोबती दुसऱ्याच वर्षी धंद्यासाठी दूरच्या गावी गेला आणि पुन्हा आला नाही. त्याची पुस्तके आमच्या कपाटात बरेच दिवस होती. असे पुष्कळ झाले. ही गोष्ट सुवर्णमहोत्सवाच्या आनंदातही झाकून ठेवू नये असे आम्हाला वाटते.

ह्याच संदर्भात एका मतभेदाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. अभ्यासक्रमात स्वाध्याय असतात. बहुतेक शिक्षणक्रमांत त्यांना तीस टक्के भार असतो आणि सत्रांत परीक्षेला सत्तर टक्के. बाजारात हे स्वाध्याय तयार उत्तरांसह विकत मिळतात. आपल्यातीलच एका सहृदय मित्रांनी सुचविले, की दमून आलेल्या ह्या मुलांना आपणच उत्तरे का पुरवू नयेत? त्यांची पदवी लवकर होईल. हेतू निर्मळ होता. चर्चा पुष्कळ झाली आणि थोडी कडवटही झाली. अखेर ठरले ते असे, की प्रश्न समजावून द्यावा, पुस्तकातील पान दाखवावे, परंतु उत्तराचे एकही वाक्य आपण लिहू नये. ह्याचे कारण केवळ नैतिक नाही. स्वाध्याय हाच त्या विद्यार्थ्याचा लिहिण्याचा एकमेव सराव असतो. तो काढून घेतला तर परीक्षेच्या दालनात त्याची लेखणी चालत नाही. शिवाय संमंत्रकाने समासात लिहिलेले शेरे हीच त्याला मिळणारी खरी शिकवणी. दुसऱ्याच्या उत्तरावर शेरा मिळवून त्याला काय उपयोग? ह्या निर्णयामुळे काही मुले नाराज होऊन गेली. तरीही निर्णय योग्य होता, असे आजही आमचे मत आहे.

भाषेचा प्रश्नही मोकळेपणाने मांडला पाहिजे. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याच्या सीमेबाहेर केंद्र चालविता येत नाही. त्यामुळे नाशिकची मराठी माध्यमाची पदवी येथे केंद्राद्वारे मिळणे नाही. राष्ट्रीय विद्यापीठाची पुस्तके मुख्यत्वे इंग्रजी व हिंदी. ज्यांना दहावीच पुरी करावयाची आहे त्यांना मात्र राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे. १९८९ मध्ये नॅशनल ओपन स्कूल ह्या नावाने सुरू झालेल्या ह्या संस्थेत दहावीला मराठी माध्यम घेता येते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रवेशापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहणे आणि शिक्षणक्रमाच्या मान्यतेची खात्री करून घेणे इष्ट. ऐकीव माहितीवर कोणीही पैसे भरू नयेत.

आणि हेही सांगितले पाहिजे, की ते केंद्र मराठी माणसांचे नाही. तेथे कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारे विद्यार्थी आहेत. आमच्या टेबलाशी अर्ज भरून घ्यावयास येणाऱ्यांत कन्नडभाषिकच अधिक, आणि ते योग्यच आहे. ज्या भूमीने आपणास पोसले तिच्या लेकरांचा अर्ज भरून देताना आमचे मोडके कन्नडही पुष्कळ सुधारले.

काळ बदलला आहे. प्रवेश संगणकावर होतो, पुस्तके ‘ई-ज्ञानकोश’वर विनामूल्य वाचावयास मिळतात. २०२० च्या महासाथीत महाविद्यालयाची दारे बंद झाली तेव्हा सत्रे दूरचित्रसंवादाने झाली आणि स्वाध्याय घरूनच पाठविण्याची सोय झाली. आम्हाला वाटले होते की आता केंद्राची गरज संपली. परंतु फाटक पुन्हा उघडले तेव्हा विद्यार्थी परतले. कारण विचारता एक जण म्हणाला, “फोनवर सगळं असतं, पण खोलीत आम्ही सहा जण झोपतो. इथं टेबल तरी मिळतं.” अभ्यासकेंद्राच्या उपयुक्ततेचे ह्याहून नेमके विवेचन आम्हास करता येणार नाही.

मंडळाच्या पुढील वाटचालीसाठी तीन सूचना करून आम्ही थांबतो. पहिली, मंडळाच्या ग्रंथालयातील एक खोली रोज रात्री आठ ते दहा केवळ अभ्यासासाठी उघडी ठेवावी. दिवा, टेबल आणि शांतता, एवढेच पुरे. दुसरी, परीक्षाशुल्कासाठी एक लहानसा निधी असावा आणि तो देणगी म्हणून न देता बिनव्याजी उसनवार म्हणून द्यावा. आपल्या मुलांना ते अधिक रुचेल. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, गणपतीची वर्गणी मागावयास आपण ज्या गल्ल्यांत जातो, तेथे प्रवेशाच्या दिवसांतही जावे. तेव्हा पावतीपुस्तक घरी ठेवून अर्जांचा गठ्ठा बरोबर न्यावा. आमच्यापैकी जे निवृत्त झाले आहेत किंवा लवकरच होणार आहेत, त्यांना हे काम सहज झेपण्यासारखे आहे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता केंद्राची खोली नेहमीप्रमाणे उघडेल. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी चष्मा आणि लेखणी घेऊन यावे. अर्ज पुष्कळ आहेत, भरणारे हात कमी आहेत.